रात्रीची दारू, सकाळचं डोकं: आत्ता काय करायचं आणि काय टाळायचं

तुम्ही लिहिलंय की काल मित्राच्या हळदीला रात्री नऊ ते एकच्या दरम्यान एक स्ट्राँग बिअर आणि व्हिस्कीचे दोन लार्ज झाले, म्हणजे ‘फक्त तीनच’. सकाळी सातला उठलात तेव्हा डोकं ठणकत होतं, दोन उलट्या झाल्या, हात थरथरताहेत, छातीत धडधडतंय. आईने लिंबूपाणी दिलं. एक मित्र म्हणतो, बिअरचा उतारा घे. दुसरा म्हणतो, सलाईन लावून ये. दुपारी साडेबाराला कर्जतला लग्न आहे आणि गाडी तुम्हीच चालवणार आहात. वय २९, दुसरा आजार नाही, पिणं दोन महिन्यांतून एखाद्या वेळी. कुठली गोळी घेऊ, बिअरवर व्हिस्की घेतली म्हणून हे झालं का, आणि हे किती वेळ चालेल, हे तुमचे प्रश्न.

मी ठाणे जिल्ह्यात २४ वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते आहे. त्याआधी ३ वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रात्रपाळ्या केल्या. एक जानेवारीची सकाळ, गटारीच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ आणि लग्नसराईतली कुठलीही सकाळ माझ्या चांगल्या ओळखीची आहे. त्यामुळे कारणांकडे नंतर येते, आधी पुढच्या तीन तासांचं सांगते.

गाडीची किल्ली दुसऱ्या कुणाला तरी द्या. का, ते पुढे सांगते, पण हे आत्ताच ठरवून टाका, म्हणजे दुसरा माणूस शोधायला वेळ मिळेल.

शेवटच्या उलटीनंतर पंधरा-वीस मिनिटं पोटात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. माणसं इथेच चुकतात. तहान लागलेली असते, तांब्याभर पाणी घटाघटा पितात आणि ते तसंच बाहेर येतं. वीस मिनिटांनी ओआरएस सुरू करा, तेही चमच्याने. दोन चमचे, मग दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा दोन चमचे. अर्धा तास पोटात टिकलं की मग घोट घोट घ्या. मोठं पाकीट अख्खंच्या अख्खं एक लिटर पाण्यात टाकायचं असतं. पेल्यात थोडी पावडर टाकून चव बघत प्यायचं नाही, कारण मीठ आणि साखर यांचं प्रमाण हेच त्यातलं औषध आहे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा), वर लिंबू पिळलं तरी चालेल. आईने दिलेल्या लिंबूपाण्यात मीठ आणि साखर दोन्ही असतील तर त्या जवळपास इथेच पोचल्या आहेत. दुकानात खोक्यातून मिळणारी गोड, फळांच्या चवीची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांत साखर फार असते आणि रिकाम्या, चिडलेल्या पोटाला ती सोसत नाही.

तास-दीड तासाने, मळमळ थोडी बसली की, खायचं. तांदळाची पेज, मीठ घालून. किंवा मऊ भात, तूप, मेतकूट. नाचणीची आंबील चालते, एखादं केळं चालतं. पातळ, मीठ घातलेलं, आंबट नसलेलं ताक बहुतेकांना मानवतं. कोकम सरबतही चांगलं. सोलकढी मात्र हिरवी मिरची-लसणाची असेल तर आज नको. आणि मिसळ नको, तांबडा रस्सा नको. रात्री प्यायल्यावर सकाळी झणझणीत खाल्लं की ‘उतरते’ असं पुण्या-कोल्हापूरकडचे माझे कितीतरी पेशंट ठामपणे सांगतात. घाम येतो, नाक वाहतं, थोडा वेळ डोक्यावरून लक्ष उडतं, हे खरं आहे. पण ज्या पोटाचं अस्तर रात्रभर दारूने सोलवटलंय त्याच्यावर ती तर्री पडते, आणि दुपारी तोच माणूस जळजळीची तक्रार घेऊन येतो.

मग झोपा. अंधाऱ्या खोलीत, कपाळावर गार पाण्याची घडी, कुशीवर. दहा-साडेदहापर्यंत दोन तास मिळाले तरी घ्या. आज तुमच्या हातात असलेल्या उपायांपैकी सगळ्यात मोठा उपाय तोच आहे.

आता ‘फक्त तीनच’कडे येते. मी पेशंटला पेग किंवा बाटल्या मोजू देत नाही, ग्रॅम मोजायला लावते. आपल्याकडची व्हिस्की, रम, व्होडका बहुतेक ४२.८ टक्क्यांची असते. तिचा ३० मिलीचा स्मॉल म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, आणि लार्ज म्हणजे २० ग्रॅम. ६५० मिलीची साधी ५ टक्क्यांची बिअर म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. पण ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर त्याच बाटलीत ४१ ग्रॅम घेऊन येते, म्हणजे चार स्मॉल. तुमचा हिशेब त्यामुळे ८० ग्रॅमच्या आसपास जातो: चार तासांत आठ स्मॉल पेग. ‘बिअर ही काय दारू आहे का’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मी कागदावर हा गुणाकार करूनच दाखवते.

निरोगी माणसाचं यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकाली काढतं. काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ, धावून घाम काढणं, उलटी करणं, यातल्या कशानेही तो वेग वाढत नाही. ८० ग्रॅमला म्हणजे आठ ते अकरा तास. तुम्ही नऊला सुरुवात केलीत, तेव्हा पहाटे पाचपासून सकाळी आठपर्यंत कधीतरी ती रक्तातून संपली असणार. आणि हँगओव्हर सगळ्यात जास्त जाणवतो तो रक्तातली दारू शून्याजवळ येते तेव्हा. म्हणून ‘रात्री तर मी ठीक होतो, सकाळी कसं झालं?’ असं वाटतं. आता यापुढे उतरणच आहे. बहुतेकांना संध्याकाळपर्यंत बरं वाटतं, काहींना २४ तास लागतात.

या त्रासाला एकच कारण नाही, म्हणून एकच औषधही नाही. यकृत दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, जे दारूपेक्षा जास्त विषारी असतं, आणि मग त्याचं ॲसिटेट. शरीरात पाणी धरून ठेवणारं एक संप्रेरक दारूमुळे दबतं, म्हणून रात्री सारखं लघवीला जावं लागतं आणि सकाळी घशाला कोरड पडते. जठराचं अस्तर चिडतं, आम्ल वाढतं, आपण ज्याला पित्त म्हणतो ते. यकृत दारूच्या मागे लागलेलं असल्याने नवी साखर तयार करण्याचं काम मागे पडतं. हळदीच्या रात्री चकण्यावर भागवून जेवण राहिलेलं असेल तर सकाळी गळून गेल्यासारखं होतं, त्याचं हे एक कारण. शरीरात सूज आणणारी रसायनं वाढतात, म्हणून ताप येऊन गेल्यासारखं अंग दुखतं. आणि झोप. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती तुटत राहते. सहा तास पडून राहिलात तरी विश्रांती सहा तासांची झालेली नसते. नुसतं पाणी पिऊन हँगओव्हर जात नाही, तो यामुळेच. पाण्याने कोरड जाते. बाकीचं आपल्या वेळेनेच जातं.

बिअरवर व्हिस्की घेतली म्हणून झालं का? नाही. जर्मनीत ९० तरुणांवर यासाठी प्रयोग झाला, २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. काहींना आधी बिअर मग वाईन, काहींना उलट, काहींना एकच प्रकार. दुसऱ्या दिवशीच्या त्रासात क्रमाने फरक पडला नाही. किती चढली आणि उलटी झाली का, यावरून मात्र दुसऱ्या दिवसाचा अंदाज येत होता. गडद रंगाच्या दारूत इथेनॉलखेरीज इतर रसायनं जास्त असतात, त्यामुळे ब्रँडी किंवा व्हिस्कीचा त्रास व्होडकापेक्षा काहीसा जास्त होऊ शकतो. पण ८० ग्रॅम व्होडकानेही सकाळी डोकं धरलंच असतं.

‘अमुक गोळी आधी घे, काही होत नाही’ असं सांगणारे मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्या वेळेपर्यंतच्या सगळ्या चाचण्यांचा आढावा आला आणि २०२२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी २१ चाचण्या पुन्हा तपासल्या. हँगओव्हर टाळतो किंवा बरा करतो असं भरवशाने म्हणता येईल असं काहीही दोन्ही वेळा हाती लागलं नाही. यकृताची सिरपं, पार्टीआधीच्या कॅप्सुली, पाण्यात विरघळणाऱ्या रंगीत गोळ्या, या सगळ्यांना हे लागू आहे. त्यावर पैसे घालवू नका.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. माझ्या एका वैद्य मैत्रिणीने मला सुश्रुताच्या उत्तरतंत्रातला पानात्ययाचा, म्हणजे अति मद्यपानाच्या त्रासाचा, अध्याय दाखवला होता. त्यात ‘परमद’ नावाची अवस्था आहे: अंग जड, तोंडाला चव नाही, तहान, डोकेदुखी, सांधे फुटल्यासारखे. आजच्या सकाळी तुम्ही जे लिहिलंत, जवळपास तेच. आणि चरकाच्या सूत्रस्थानात मद्यविकारांवर एक मंथ, म्हणजे घुसळून केलेलं पेय, सांगितला आहे: खजूर, मनुका, वृक्षाम्ल म्हणजे आपलं कोकम, चिंच, डाळिंब, फालसा, आवळा. पाणी, फळांची साखर, पोटॅशियम आणि आंबट चव, म्हणजे मळमळणाऱ्या माणसाच्या घशाखाली जे उतरेल ते. याने दारू लवकर उतरते असं मी म्हणणार नाही. पण कोकणातली आजी कोकमाचं पाणी पुढे करते ते काही उगाच नाही, एवढं नक्की म्हणेन. शहाळंही चांगलं, फक्त त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं. तेव्हा ते ओआरएसच्या जोडीला घ्या, त्याच्या जागी नको. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी शहाळं विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता गोळ्या. इथे मी सगळ्यात जास्त काळजीने बोलते, कारण प्रत्येक घरात डबा असतो आणि त्यातली हाताला लागेल ती गोळी घेतली जाते.

पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन, डोलो वगैरे. याचा थोडासा भाग यकृतात विषारी पदार्थात बदलतो आणि यकृतातलंच ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याला लगेच निष्प्रभ करतं. रोज किंवा वारंवार पिणाऱ्यांच्या शरीरात हे विष बनवणारं एन्झाइम वाढलेलं असतं आणि ग्लुटाथायोन कमी झालेलं असतं. त्यातही दारू रक्तातून गेल्यावर, म्हणजे नेमकं सकाळी, ते एन्झाइम मोकळं होतं. म्हणून वारंवार पिणाऱ्यांनी, दोन-तीन दिवस नीट न जेवलेल्यांनी, कावीळ होऊन गेलेल्यांनी ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. तुमच्यासारख्या क्वचित पिणाऱ्या, निरोगी माणसाने पेज पोटात गेल्यावर ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली तर चालेल. पुन्हा लागली तर सहा तासांनी. आजच्या दिवसात २ ग्रॅमच्या, म्हणजे चार गोळ्यांच्या पुढे मुळीच नाही. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या कितीतरी गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते या हिशेबात धरा. माझा सल्ला असा की आधी दीड तास ओआरएस, पेज आणि अंधारी खोली करून बघा. निम्म्या लोकांना मग गोळी लागतच नाही, असा माझा अनुभव आहे.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन या गोळ्या डोकं उतरवतात, पण आधीच चिडलेल्या जठरावर मारा करतात. पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडांवरही ताण आणतात. तुम्हाला उलट्या होताहेत, तेव्हा तुम्हाला नाहीच. कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात, हे अनेकांना माहीत नसतं. निमेसुलाइड असलेली कुठलीही गोळी यकृतासाठी धोक्याची, ती नको.

जळजळीसाठी अँटासिडचं पातळ औषध दोन चमचे घ्या, हरकत नाही. उलटी थांबतच नसेल तर ऑन्डान्सेट्रॉनची जिभेवर विरघळणारी गोळी आम्ही देतो, पण ती डॉक्टरांनी तुमची बाकीची औषधं विचारून द्यावी. झोपेची गोळी, अल्प्रॅझोलाम वगैरे, कुणी ‘शांत झोप लागेल’ म्हणून दिली तर हातही लावू नका. रक्तात दारू असताना ती श्वास मंद करते. जुलाब लागले म्हणून घरातली मेट्रोनिडॅझोल घेऊ नका, दारूबरोबर ती टाळायला तिच्या पाकिटावरच सांगितलेलं असतं. चहा-कॉफी रोजची सवय असेल तर अर्धा कप घ्या, कारण नाहीतर ती न मिळाल्याची डोकेदुखी वेगळी सुरू होते. सवय नसेल तर नको, धडधड वाढेल.

सलाईनचा हट्ट मला रोज भेटतो. ५०० मिलीच्या नॉर्मल सलाईनच्या बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ५ टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे १०० कॅलरी, एका मोठ्या केळ्याइतक्या. त्यात व्हिटॅमिनचं इंजेक्शन टाकलं की पाणी पिवळं होतं आणि त्या पिवळ्या रंगाला लोक ताकद समजतात. तोंडाने घेतलेलं टिकत असेल तर ओआरएस तेच काम करतं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर हजारो माणसं वाचवली. त्या पाण्याला हलकं समजू नका. घोटभरही टिकत नसेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, तर मात्र सलाईन हवं, आणि ते दवाखान्यात. घरी येऊन सुई टोचणाऱ्या माणसाकडून नको. रोज पिणाऱ्या, खाणंपिणं सुटलेल्या माणसाच्या बाबतीत आणखी एक: त्याला ग्लुकोज लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१, द्यायला हवं. न देता नुसतं ग्लुकोज ओतलं तर मेंदूला इजा होऊ शकते: चाल अडखळते, नजर स्थिर राहत नाही, माणूस गोंधळतो. म्हणून घरच्यांनी ‘हे रोज घेतात’ हे डॉक्टरांपासून लपवू नये.

आणि आता उतारा. मित्राने सुचवलेली बिअर.

मराठीत विषावरच्या औषधाला उतारा म्हणतात आणि सकाळी पुन्हा घेतलेल्या घोटालाही उतारा म्हणतात. मला वाटतं, या एका शब्दाने पुष्कळ माणसांची फसगत केली आहे. सकाळच्या बिअरने बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. दारू मेंदूचा ब्रेक दाबून ठेवते आणि ॲक्सिलरेटर सैल करते. रात्रभर मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. सकाळी दारू निघून गेली की ब्रेक सुटलेला आणि ॲक्सिलरेटर जोरात, अशी स्थिती होते. थरथर, धडधड, घाम, आणि ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही अशी एक विनाकारण भीती. पुन्हा दारू गेली की ब्रेक पुन्हा दाबला जातो. त्रास पुढे ढकलला जातो आणि त्यात नवे ४१ ग्रॅम जमा होतात. तुमच्यासारख्या माणसाचं यात एका दिवसाचं नुकसान. पण ज्याचं पिणं वाढत चाललंय त्याच्यासाठी हा सकाळचा घोट म्हणजे एक दार आहे. मी ज्यांना पुढे व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं त्यांपैकी बहुतेकांच्या गोष्टीत ‘मग सकाळी थोडी लागायला लागली’ हे वाक्य कुठेतरी येतंच.

म्हणून हात थरथरण्याबद्दल मी नेहमी एक प्रश्न विचारते, आणि तो घरच्यांनीही विचारावा. ही थरथर जास्त प्यायल्यावर येते, की न प्यायल्यावर? महिन्यातून एखाद्या वेळी जास्त झाली आणि दुसऱ्या दिवशी हात थोडे कापले, संध्याकाळी थांबले, तर तो हँगओव्हर. पण रोज पिणाऱ्याचे हात शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांनी कापायला लागतात आणि घेतली की थांबतात, तेव्हा तो हँगओव्हर नसतो. ते दारू तुटल्याचं लक्षण असतं. त्याला लिंबूपाणी पाजून झोपवणं पुरत नाही. दारू अचानक बंद झाल्यावर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ७२ तासांच्या सुमाराला काहींना भास सुरू होतात, ताप चढतो, माणूस कुठे आहे हे त्याला कळत नाही. यात जीव जाऊ शकतो.

पाय मोडून ॲडमिट झालेले एक काका मला आठवतात. ‘अधूनमधून घेतात’ असं घरच्यांनी सांगितलं होतं. खरं प्रमाण रोजची एक क्वार्टर होतं, म्हणजे ६० ग्रॅम, वीस वर्षं. तिसऱ्या रात्री ते भिंतीवरचे किडे झटकायला लागले, सलाईन उपटून पलंगावरून उतरायला निघाले. मोडलेला पाय घेऊन. वेळेत ओळखलं म्हणून ते वाचले. पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर ती रात्र आलीच नसती.

आपल्याकडे हे आणखी एका वेळी घडतं. आषाढ अमावास्येला गटारी होते आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळला जातो. काहीजण याच सुमाराला माळही घालतात. संकल्प मनापासूनचा असतो आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण रोज पिणारा माणूस अमावास्येला भरपूर पिऊन दुसऱ्या सकाळी एकदम शून्यावर येतो. ‘गटारीचं उतरतंय’ म्हणून सगळे पहिल्या दिवशी दुर्लक्ष करतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येते. श्रावण जरूर पाळा. फक्त रोजची सवय असेल तर अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात डॉक्टरांना भेटा. पाच-सात दिवसांच्या औषधांनी हे तोडणं सुरक्षित करता येतं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय, आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथे घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

आता ज्या गोष्टी हँगओव्हर समजून घरात पडून राहतात, त्यांच्याबद्दल. हे तुमच्या आईलाही वाचायला द्या.

रात्री पिऊन पडलेला माणूस हलवूनही उठत नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी किंवा घरघरत चाललाय, ओठ निळसर दिसताहेत, तर १०८ ला फोन करा. तोवर त्याला कुशीवर वळवून ठेवा, उताणा नको. उलटी श्वासनलिकेत जाऊन झोपेतच माणसं जातात. रात्री तोल जाऊन पडला होता आणि आता डोकं दुखतंय, उलट्या होताहेत, गुंगी वाढतेय, तर डोक्याचा सीटी स्कॅन झालाच पाहिजे. कॅज्युअल्टीत असताना असा एक तरुण दुपारी चार वाजता आणला गेला. सकाळपासून ‘पिऊन झोपलाय, झोपू दे’ असं घरात चाललं होतं. मेंदूभोवती रक्त साठलं होतं. आम्ही त्याला वाचवू शकलो नाही. तेव्हापासून दारूच्या वासाच्या माणसाचं डोकं मी आधी हाताने चाचपते.

वारंवार उमासे आल्यावर उलटीत ताजं रक्त दिसलं तर अन्ननलिकेच्या टोकाला चीर पडलेली असू शकते. काळी, डांबरासारखी शौचाला झाली तर तेही रक्तच. पोटाच्या वरच्या भागात सणसणीत दुखून ते पाठीत जात असेल तर स्वादुपिंडाची सूज असू शकते, ‘पित्त’ म्हणून घरी थांबू नका. नाडी अनियमित, छातीत दुखणं, दम लागणं: लगेच ईसीजी. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस पिऊन न जेवता झोपला असेल आणि सकाळी घामाने भिजलेला, बरळत असेल, तर साखर तपासा. ग्लुकोमीटर नसेल आणि तो गिळू शकत असेल तर साखरेचं पाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

आणि दारू कुठून आली हे माहीत नसेल, हातभट्टीची किंवा बाटलीबंद नसलेली असेल, तर नजरेकडे लक्ष ठेवा. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. मिथेनॉलचं विष लगेच कळत नाही. १२ ते २४ तासांनी, कधी त्याहूनही उशिरा, डोळ्यांपुढे पांढरं धुकं येतं, पोटात दुखतं, श्वास भराभर चालतो. सकाळी ते हुबेहूब हँगओव्हरसारखंच वाटू शकतं. अंधुक दिसायला लागलं तर एक मिनिटही थांबायचं नाही, आणि काल बरोबर बसलेल्या सगळ्यांना बोलावून घ्यायचं, त्यांना काही होत नसलं तरी.

गाडीचं राहिलं. मोटार वाहन कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. तुमच्या हिशेबाने पहाटे पाचला निघाला असता तर त्या मर्यादेच्या वर असण्याची शक्यता होती, झोपून उठलेला असूनही. अकरापर्यंत रक्तातली दारू गेलेली असेल. पण रक्तात शून्य असलं तरी हँगओव्हरमध्ये लक्ष टिकत नाही, ब्रेकवर पाय उशिरा जातो आणि अपुऱ्या झोपेने डोळा लागतो. कर्जतला लोकल जाते. नाहीतर काल न प्यायलेला एखादा भाऊ, चुलत भाऊ गाडी घेईल.

तुमच्या बाबतीत, वय, सवय आणि आत्ताची लक्षणं बघता, हा साधा हँगओव्हर आहे असं मला वाटतं. वरच्यापैकी काही दिसलं तर मात्र लग्न बाजूला ठेवून आधी दवाखाना. मांडवात गेल्यावर सावलीत बसा, पाण्याची बाटली जवळ ठेवा. पंगतीत वरण-भात, तूप, लिंबू एवढंच घ्या, मठ्ठा मिळाला तर उत्तम, तळलेलं आणि रबडी राहू द्या. संध्याकाळी पुन्हा बसायचा आग्रह होईल, आज मोकळेपणाने नाही म्हणा. संध्याकाळी सातपर्यंत हातांची थरथर जायला हवी. उद्या सकाळीही ती तशीच असेल, किंवा धडधड बसली नसेल, तर जवळच्या डॉक्टरांकडे जा आणि कालचे ८० ग्रॅम त्यांना जसेच्या तसे सांगा.